मोरीतले शिंतोडे आणि मालकाचा हिशेब

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे देशातील दोन मोठे महामार्ग धुळ्यापाशी एकमेकांस छेदतात, आणि त्यांपैकी दुसरा पारोळा, एरंडोल करीत पुढे जळगावात शिरतो. या रस्त्यांच्या दुतर्फा, बसस्थानकांच्या भोवती आणि जळगाव-भुसावळच्या रेल्वेस्थानकांबाहेर लहानमोठी असंख्य उपाहारगृहे, खानावळी आणि ढाबे उभे आहेत. शेवभाजी, वरण-बट्टी, हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन प्रवासी तृप्त होतो, पैसे चुकते करतो आणि गाडीत जाऊन बसतो. त्याचे उष्टे ताट ज्या जागी जाते त्या जागेचा विचार त्याच्या मनात येत नाही. आपल्या चळवळीच्या पत्रांतूनही त्या जागेविषयी क्वचितच लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेख तेथील एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीविषयी आहे. भांडी विसळताना जे पाणी उडते त्याविषयी, आणि त्या पाण्याने जे डबे, पिंपे व पोती भिजतात त्यांविषयी.

क्षुल्लक वाटणारी, असे म्हटले ते जाणूनबुजून. कारण कामगाराच्या आयुष्यातील पुष्कळसे दुःख अशाच क्षुल्लक मानल्या गेलेल्या गोष्टींत साठलेले असते.

हॉटेलाची मोरी कशी असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. इतरांसाठी सांगितले पाहिजे. गल्ला, बाकडी, भट्टी, मिठाईचे कपाट या सर्वांना जागा वाटून झाल्यावर जो कोपरा उरतो तो मोरीच्या वाट्यास येतो. भिंतीला एक नळ, खाली फूट-दीड फूट खोलीचा हौद किंवा नुसताच ओटा, त्यापुढे खरकट्याचे टोपले. जागा अपुरी म्हणून हौदाच्या अगदी लगत मांडणी. तिच्या वरच्या फळीवर धुतलेली ताटे-वाट्या, मधल्या फळीवर तिखट-मसाल्याच्या बरण्या आणि शेवेचे पत्र्याचे डबे, खालच्या फळीवर किंवा थेट फरशीवर कळण्याच्या पिठाचे डबे आणि कांद्या-बटाट्याची पोती. आणि जवळच पिण्याच्या पाण्याचे पिंप. खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि अनेक गावांत नळाचे पाणी रोज येत नाही. म्हणून पाणी साठविल्यावाचून हॉटेल चालत नाही, आणि साठवायचे तर ते नळाजवळच साठविले जाते. स्वच्छ पाण्याचे पिंप घाण पाण्याच्या हौदाशेजारी असावे, ही गोष्ट कोणी ठरवून केलेली नसते. जागेच्या वाटणीतून ती आपोआप घडते.

दुपारी बारा ते तीन आणि रात्री आठ ते अकरा या वेळांत या कोपऱ्यात जे चालते त्याचा परिणाम काय होतो? उडालेले पाणी धुतलेल्या ताटांवर पुन्हा पडते, म्हणजे केलेले काम वाया जाते. त्या पाण्यात उष्टे, तेल आणि साबण असतो. ते पिंपाच्या झाकणावरून आत ठिबकते. शेवेच्या डब्याला ओल लागून शेव सादळते, पिठाला बुरशी येते, डब्याचा पत्रा गंजतो. बांधून द्यायच्या अन्नासाठी आणून ठेवलेले डबे व कागद भिजतात, आणि त्याच डब्यांत गरम भाजी भरून ती गिऱ्हाईकाच्या हाती पडते. कावीळ आणि गॅस्ट्रो हे रोग दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. मात्र ते दूषण हौदापासून हातभर अंतरावर, दिवसातून शेकडो वेळा घडते, हे गल्ल्यावर बसलेल्याच्या ध्यानी येत नाही.

आणि कामगार? तो आठ-दहा तास ओल्या फरशीवर उभा असतो. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नखांच्या कडा सुजतात, सोड्याच्या पाण्याने हातांची कातडी सोलते. फरशीवर साबण आणि तेल यांचा थर बसतो आणि त्यावरून पाय घसरतो. मिक्सरचे किंवा शीतपेटीचे बटण शेजारच्या भिंतीवर असेल तर ओल्या हाताला झटका बसण्याचे भय वेगळेच. मालाचे नुकसान मालकाच्या वहीत लिहिले जाते. या नुकसानीसाठी मात्र कोणत्याही वहीत रकाना नाही.

पीठ भिजले की शिवी कोणाला बसते? भांडी घासणाऱ्याला. 'नीट धू, पाणी उडवू नको' हे वाक्य प्रत्येक हॉटेलात ऐकू येते, आणि अनेक ठिकाणी खराब झालेल्या मालाचे पैसेही त्याच्या पगारातून कापले जातात. १९३६ च्या वेतन कायद्याने नुकसानीपोटी कपात करण्यावर बंधने घातली होती. कामगाराच्या निष्काळजीपणामुळेच थेट नुकसान झाले असेल तरच कपात, असा त्याचा आशय होता. आता आपण विचारू या : पाणी उडते ते कामगाराच्या निष्काळजीपणामुळे काय?

याचे उत्तर पदार्थविज्ञान देते, आणि ते अवघड नाही. उंचावरून पडणाऱ्या वस्तूचा वेग उंचीप्रमाणे वाढतो. उंची चौपट झाली की वेग सुमारे दुप्पट होतो आणि आदळण्याची शक्ती चौपट. तोटी भांड्यापासून वीतभर उंचीवर असेल तर पाणी सरळ वाहून जाते. तीच दोन-अडीच फुटांवर असेल तर ते फुटून चहूकडे उडते. शिवाय उंचावरून पडणारी धार वाटेत तुटून तिचे थेंब होतात, आणि अखंड धारेपेक्षा सुटे थेंब अधिक शिंतोडे उडवितात. त्यात वाटी, पळी किंवा झारा अशी वळणाची वस्तू धारेखाली आली की तिच्या वळणावरून पाणी उलट फेकले जाते. हौद उथळ असेल तर ते अडविण्यास भिंत नसते. म्हणजे तोटीची उंची, हौदाची खोली, नळाचा जोर आणि मांडणीचे अंतर या चार गोष्टी शिंतोडे ठरवितात. या चारांपैकी एकही गोष्ट भांडी घासणाऱ्याच्या हातात नसते. चारही मालकाने, गवंड्याने आणि जागेच्या भाड्याने आधीच ठरविलेल्या असतात. ज्या कारणावर कामगाराची सत्ता नाही त्या कारणाचा दंड त्याने भरावा, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

कामगारांनी आपल्यापरीने उपाय शोधलेले आहेत. नळाला फडक्याची चिंधी बांधण्याची रीत सर्वत्र दिसते. तिने धार एकत्र राहते आणि पाणी कमी उडते. ज्याने ती प्रथम बांधली त्याला विज्ञान शिकविण्याची गरज नव्हती. परंतु चिंधी सतत ओली राहते, तीत घाण साठते, आणि उपायातून दुसरा अपाय निर्माण होतो. तिच्या जागी रबरी नळीचा हातभर तुकडा लावला, तो भांड्यापर्यंत खाली आणला आणि दर आठवड्यास बदलला, तर तेच काम स्वच्छपणे होते.

पुढचे उपायही असेच साधे आहेत. हौद आणि मांडणी यांच्यामध्ये कडप्प्याचा किंवा पत्र्याचा, उभ्या माणसाच्या छातीएवढा आडोसा बांधावा. हौद खोल असावा, आणि नळाची कळ अर्धीच उघडेल अशी बसवावी. खरकटे प्रथम कोरडेच टोपल्यात काढावे, म्हणजे ते धुऊन काढण्यासाठी जोराची धार लागत नाही आणि पाणीही वाचते. भांड्यांची वाट एकाच दिशेने असावी : खरकटे काढणे, घासणे, विसळणे, निथळणे आणि मग मांडणी, धुतलेले भांडे पुन्हा हौदावरून मागे येता कामा नये. निथळण्यासाठी जाळीची फळी असावी आणि तिचे पाणी परत हौदात उतरावे. पिण्याच्या पाण्याचे पिंप आणि पिठाचे डबे मोरीच्या भिंतीला नसावेत. इलाजच नसेल तर ते फरशीपासून वीत-दीड वीत उंच घोडीवर, घट्ट झाकणाखाली असावेत. फरशीला गटाराकडे उतार असावा, आणि कामगाराच्या पायाखाली लाकडी किंवा रबरी जाळी असावी. यांत परदेशी यंत्र कोणतेही नाही. यांतील बहुतेक कामे एक गवंडी व एक नळ बसविणारा एका दिवसात करील.

मग ती होत का नाहीत? कारण मोरीतून गल्ल्यात पैसा येत नाही, असा मालकाचा हिशेब असतो. चार फूट जागा मोरीला दिली तर एक बाकडे कमी होते. बाकड्याचे उत्पन्न रोज दिसते. सादळलेली शेव, बुरशी आलेले पीठ आणि आजारी कामगार यांचा खर्च विखुरलेला असतो, आणि त्याचा बराचसा भाग मालकाऐवजी कामगार व गिऱ्हाईक सोसतात. नफा एकाच्या नावे आणि ओल दुसऱ्याच्या अंगावर, अशी ही वाटणी आहे. त्यातून हे काम घरात बाईच्या आणि समाजात खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या माथी मारलेले. उष्टे काढणाऱ्याचे पाय कोरडे असावेत, असे वाटण्याची सवयच आपल्या समाजाला लागलेली नाही.

या ठिकाणी एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. खानदेशातील अनेक खानावळींचा मालक स्वतःच भट्टीपाशी उभा असतो आणि त्याची बायको मोरीत बसलेली असते. त्याला भांडवलदार म्हणणे हास्यास्पद ठरेल. हे मान्य आहे. परंतु पाणी त्याच्या बायकोच्या अंगावरही तसेच उडते, आणि तिच्या पायांच्या चिखल्या मालकीण म्हणून कमी दुखत नाहीत. अशा ठिकाणी प्रश्न नगरपालिकेकडे वळतो : नियमित पाणी, वाहते गटार, आणि भाड्याच्या गाळ्यात मोरीसाठी सक्तीने राखलेली जागा. त्याची मागणी लहान मालक आणि कामगार यांनी एकत्र केली पाहिजे.

कायद्याची कथा याहून उद्बोधक आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने ओल्या फरशीचा विचार केला होता. कामामुळे जी फरशी ओली होते तिच्यावरील पाण्याचा परिणामकारक निचरा झाला पाहिजे, असे त्याचे ११ वे कलम सांगत होते. त्याच कायद्याने 'धुणे' आणि 'स्वच्छ करणे' या क्रियांना उत्पादनप्रक्रियेच्या व्याख्येत स्थान दिले होते. म्हणजे भांडी घासणारा उत्पादक श्रम करतो, हे तत्त्वतः मान्य होते. परंतु १९७६ च्या दुरुस्तीने कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल, उपाहारगृह व खाण्याची जागा यांना नाव घेऊन वगळण्यात आले. उरला दुकाने व आस्थापना कायदा. १९४८ चा मुंबई कायदा जाऊन २०१७ साली महाराष्ट्राचा नवा कायदा आला, तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना केवळ सूचना देण्यापुरते बांधून बाकीच्या तरतुदींतून मोकळे करण्यात आले. रस्त्याकडेचे बहुतेक ढाबे या चाळणीतून खाली गळले.

अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा आणि त्याखालील २०११ चे नियम यांनी अन्नाच्या स्वच्छतेची बरीच काळजी वाहिली आहे. माल जमिनीपासून व भिंतीपासून दूर ठेवावा, भांडी धुण्याची पुरेशी सोय असावी, असे ते सांगतात. ही तरतूद उपयोगी आहे आणि तिचा आधार घेतला पाहिजे. परंतु हा कायदा खाणाऱ्याच्या बाजूने मोरीत डोकावतो. डबा भिजला तर त्यास हरकत आहे. डब्याशेजारचा माणूस भिजला तर तो त्याचा विषय नाही. या कोपऱ्यात पूर्वी लहान मुले सर्रास दिसत. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलांत व ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास बंदी आली, ती मुख्यतः चळवळीच्या रेट्यामुळे. कायदा आपण होऊन मोरीपर्यंत येत नाही, हाच त्याचा धडा.

ही गोष्ट केवळ खानदेशाची नव्हे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने पॅरिसच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासण्याचे काम केले, आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दाराच्या अलीकडील झगमगाट आणि पलीकडील घाण यांचे चित्र रेखाटले. आपल्याकडे जॉर्ज फर्नांडिस यांच्या कामगार चळवळीतील आयुष्याचा आरंभ मंगळूरच्या वाहतूक आणि हॉटेल कामगारांत झाला. हॉटेल कामगारांत काम करण्याची परंपरा समाजवाद्यांना नवी नाही. ती खंडित झाली आहे, एवढेच.

ती पुन्हा जोडायची तर आरंभ कोठून करावा? पगारवाढ, सुट्टी, कामाचे तास या मागण्या राहतीलच. परंतु ज्या कामगाराची संघटनाच नाही, जो सहा महिन्यांत हॉटेल बदलतो, त्याच्याशी बोलण्यास एक हाती धरता येईल असा विषय लागतो. मोरीचा आडोसा हा तसा विषय आहे. धुळे व जळगाव येथील कार्यकर्त्यांनी आपापल्या बसस्थानकाभोवतीच्या हॉटेलांची पाहणी करावी, आणि पाच गोष्टी टिपाव्यात : तोटीची उंची, आडोसा, निथळण्याची फळी, पिंपाची जागा आणि फरशीचा उतार. त्यावरून प्रत्येक मालकापुढे एका दिवसात होणारी कामे मांडावीत, आणि ती होईपर्यंत भिजलेल्या मालाची कपात बंद, ही अट घालावी. गिऱ्हाईकांनाही यात ओढता येईल, कारण पिंप भिजते तेव्हा पाणी त्यांच्याच पेल्यात येते. नगरपालिकेकडे गाळ्यांतील मोरीच्या जागेचा नियम मागावा, आणि राज्य सरकारकडे दहाच्या आतील आस्थापनांतील कामगारांसाठी आरोग्याच्या किमान तरतुदी.

एवढ्याने क्रांती होणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या कामगाराने संघटनेच्या बळावर आपल्या मोरीत एक भिंत उभी करून घेतली, तो पुढच्या खेपेस पगाराविषयी बोलावयास आला म्हणजे मान खाली घालून उभा राहणार नाही.