निरोगी घोडा हाताला ठाऊक हवा



पान का सडले, भाकरी का करपली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर लेकरांनाही ठाऊक आहे: न फिरविल्यामुळे. त्यात मी आणखी एक प्रश्न घालतो. घोड्याचा आजार वेळेवर का कळला नाही? अंगावरून हात न फिरविल्यामुळे.

बैलांच्या मानाने आपल्याकडे घोडे थोडे. तरी मेंढपाळांचे बिऱ्हाड वाहणारी तट्टे आहेत, वरातीच्या घोडीवर घर चालविणारी कुटुंबे आहेत, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने शिंगरू आणणारेही आहेत. अशा घरातली घोडी गेली, की मिळकतच गेली. आणि घोड्याचा पोटशूळ काही तासांतही जीव घेऊ शकतो. म्हणून बिघाड लवकर ओळखणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी आधी निरोगी घोडा ओळखीचा हवा.

मी शेतीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. औषध सांगणार नाही. हात कुठे ठेवायचा, एवढेच सांगतो.

आपलाच हात शेजारी धरा

घोड्याला आधी आवाज द्या, मग डाव्या खांद्याकडून जवळ जा. मागून अचानक जाऊ नका. एकाने मोरकी धरावी.

आता पुढच्या पायाचा मधला सांधा चाचपा. त्याला आपण गुडघा म्हणतो, पण तो आपल्या मनगटाच्या जागी आहे. त्याखालची लांब नळी म्हणजे तळहाताचे मधले हाड, आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचे नख. बैल प्रत्येक पायाच्या दोन बोटांवर उभा राहतो, घोडा एकाच. मागच्या पायाचा मागे टोक आलेला सांधा ही टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ सापडेल.

घोडा गरीब असेल तर घरातल्या जाणत्या पोराच्या हाती खडू द्या. बोटांना लागेल ते हाड अंगावर रेघेने काढायला सांगा. बरगड्या मोजू द्या. बैलाला तेरा जोड्या, घोड्याला अठरा. मागच्या सगळ्या बोटांना लागतीलच असे नाही, पण पुस्तकात पाहिलेले पोर विसरेल, बोटांनी मोजलेले विसरणार नाही.

इंग्लंडात जॉर्ज स्टब्स नावाचा चित्रकार होऊन गेला, कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. १७५६ च्या सुमारास लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो गावी शेतघर भाड्याने घेऊन तो सुमारे दीड वर्ष राहिला. मेलेल्या घोड्यांची शरीरे थरामागून थर सोलून त्याने चित्रे काढली. त्यांचे पुस्तक १७६६ साली निघाले आणि घोड्यांच्या जाणकारांनी ते वाखाणले. आपल्याला सुरी नको. जिवंत घोडा आणि आपले दोन हात पुरेत.

पाय आणि खूर

पुढच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नाहीच. हाडामागे दोरखंडासारख्या शिरा आहेत, त्यांवर सगळा भार पेलला जातो. अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत धरून त्या वरून खाली चाचपा. निरोगी पायात त्या घट्ट, गार आणि सारख्या लागतात. मग दुसरा पाय तसाच पाहा. एका पायाला ऊब, सूज किंवा दुखरेपणा असेल तर काम थांबवा, घोडा लंगडेपर्यंत वाट पाहू नका.

खूर उचलून साफ करा. तळव्यात रबरासारखा त्रिकोणी भाग दिसतो, ती पुतळी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत शेण-माती साचून कुजते. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना बोट ठेवा. तिथली नाडी एरवी जेमतेम लागते. ती ठणाठणा उडत असेल आणि खूर गरम असेल, तर खुराच्या आत दाह झाला असावा. कोठीतले धान्य चोरून खाल्लेल्या घोड्याला हे हमखास पाहा.

नाडी, श्वास आणि पोट

खालच्या जबड्याच्या हाडाच्या कडेला आतून बोटे फिरवा. दोरीसारखी शीर बोटाखाली सरकते. पंधरा सेकंद ठोके मोजून चारने गुणा. विश्रांती घेतलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइट. शिंगराचे आकडे जास्त असतात.

ओठ वर करून हिरडी पाहा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी.

पोटाचे सर्वांत महत्त्वाचे. घोडा रवंथ करीत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. शरीराच्या मानाने त्याचे जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे. म्हणून दाणा एकदम न घालता थोडा थोडा घाला आणि वैरण भरपूर ठेवा. रोज दोन्ही कुशींना कान लावा. गुरगुर, खळखळ ऐकू येणे हे निरोगी पोटाचे बोलणे आहे.

ते बोलणे बंद पडले, घोडा कुशीकडे वळून पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला, लोळू लागला किंवा उभ्या उभ्या घामाघूम झाला, तर चारा-दाणा काढून घ्या आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. पशुसेवेचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे. नळकांड्याने तेल किंवा काढा पाजू नका. श्वासनळीत गेला तर दुसरेच संकट. दवाखान्याला कळविताना नाडी, श्वास, हिरडीचा रंग आणि दुखणे केव्हा सुरू झाले ते सांगा. त्यावरून प्रकरण किती तातडीचे आहे हे डॉक्टरांना कळेल.

येत्या आठवड्यात रोज सकाळी दहा मिनिटे हे करा आणि आपल्या घोड्याचे आकडे कॅलेंडरवर लिहा. हे काम घरच्या बाईनेही शिकून घ्यावे. घरधनी वरातीला गेला असता तट्टू तिच्याच हवाली असते. ज्यांच्या दावणीला घोडा नाही त्यांनी बैलावरून असाच हात फिरवावा. आकडे वेगळे निघतील, रीत तीच.