कोणती कळ कोणाच्या ताब्यात?

पर्वत पाटिया हे सुरत शहराच्या पूर्वेकडील एका वस्तीचे नाव. ते ऐकून कोणी तेथे डोंगर पाहावयास गेला, तर निराश होऊन परत येईल. पर्वत हे गावाचे नाव, आणि पाटिया म्हणजे त्या गावाकडे वळण्याच्या जागेवरची पाटी. आपणां बडोदेकरांस ही गुजराती रीत परिचयाची आहे. महिन्यातून एकदा मी तेथे गाणे शिकवावयास जातो. एरवी शिकवणी लॅपटॉपवरून चालते.

मागे तेथील एका शिष्येची शिकवणी अचानक अडली. मुलगी मध्यमेच्या परीक्षेस बसावयाची होती. वडील मूळचे खानदेशचे, कापडबाजारात हिशेब लिहितात. घरात लॅपटॉप एकच, आणि तोही दुसऱ्याने वापरलेला घेतलेला. तो मंद चालू लागला म्हणून वडिलांनी जवळच्या एका दुकानात 'साफ' करावयास दिला. दुकानदाराने इमानाने साफ केला आणि यंत्र खरोखरच चपळ झाले. परंतु वरच्या रांगेतील चार कळा मुक्या झाल्या. त्यांतली एक माइक बंद-चालू करणारी होती, आणि माइक नेमका बंद अवस्थेत राहून गेला होता. मला मुलगी दिसत होती, तिचे ओठ हालत होते, मात्र सूर ऐकू येत नव्हता. दुकानदाराचे निदान असे की, कळफलक गेला. नवा बसवावयास साडेतीन हजार पडतील. "गुरुजी, परीक्षेपर्यंत शिकवणी थांबवू या का?" असे वडिलांनी मला फोनवर विचारले. त्या विचारण्यात संकोच होता, आणि मला तो साडेतीन हजारांहून अधिक लागला.

मी काही यंत्रज्ञ नव्हे. तथापि माझ्या वडिलांनी मला एक गोष्ट लहानपणीच शिकविली होती. ते ऐन विशीत बडोद्याच्या दरबारी कलावंत कारखान्यात नोकरीस लागले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्यानंतर शिकवण्या करून त्यांनी संसार केला. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. घरी दुरुस्तीस आलेल्या पेट्या असत. पेटीच्या दर्शनी फळीवर ज्या खुंट्या असतात, ज्यांना आम्ही स्टॉपर म्हणतो, त्यांतल्या काही हवेची वाट उघडतात, काही आधाराचा सूर सोडतात, आणि काही नुसत्या शोभेच्या असतात! बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. वडील एक पट्टी दाबून धरीत, मला भाता घालावयास सांगत, आणि एकेक खुंटी ओढून ऐकत. कोणती काय करते ते कागदावर लिहिल्याखेरीज ते पेटीचा एक खिळाही काढीत नसत. शोभेची म्हणून उपटलेली खुंटी पुढे सुराची निघाली, तर गिऱ्हाईक सोडीत नाही, असे ते म्हणत.

त्याच रीतीने मी मुलीस फोनवर म्हटले, "एफ-पाच दाब, पान ताजे होते का? एफ-अकरा दाब, पडदा भरतो का?" दोन्ही झाले. ह्याच कळा मुक्या चारांपैकी होत्या. फक्त त्यांच्यावर छापलेले दुसरे काम होत नव्हते. म्हणजे पट्टी शाबूत होती. पट्टीच्या मागचे काहीतरी गेले होते. माइक विंडोजच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू केला आणि त्या संध्याकाळी शिकवणी झाली. कळा मात्र मुक्याच राहिल्या.

आता हे मागचे काहीतरी म्हणजे काय? वरच्या रांगेवरील छोट्या चित्रांच्या कळा एकाच धन्याच्या ताब्यात नसतात. काही कामे यंत्राच्या आत बसलेली एक लहानशी चिप स्वतःच उरकते. कळफलकाखालचा दिवा पुष्कळदा अशा जातीचा. आवाज वाढविणे-कमी करणे हा बहुधा सर्वमान्य संकेत असतो, तो विंडोज आपण होऊन ओळखते. परंतु माइक बंद करणे, टचपॅड बंद करणे, पंख्याची गती बदलणे यांसारख्या कळा पुष्कळ यंत्रांत नुसती हाक मारतात. ती ऐकावयास कंपनीचा एखादा छोटा प्रोग्राम जागा असेल तर काम होते. नसेल तर हाक वाऱ्यावर जाते. यांत कोणती कळ कोणाच्या वाट्यास, हे कंपनीगणिक बदलते, आणि एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलते.

आणि ह्या ऐकणाऱ्या चाकरांची नावे तरी कशी! तोशिबाच्या जुन्या यंत्रांत हे काम 'व्हॅल्यू ॲडेड पॅकेज' नावाच्या गाठोड्यात होते. एसरच्या जुन्या यंत्रांत 'लाँच मॅनेजर', असुसमध्ये 'एटीके पॅकेज', डेलमध्ये 'क्विकसेट'. एचपीच्या घरगुती यंत्रांत 'सिस्टीम इव्हेंट युटिलिटी'. शहाण्या माणसाने ही नावे वाचून कळांशी त्यांचा संबंध कसा जोडावा? एचपीच्याच कार्यालयीन यंत्रांतील प्रोग्रामास 'हॉटकी सपोर्ट' असे सरळ नाव आहे. मग तसे नाव देता येत नाही असे नव्हे. लिनक्सच्या गाभ्यात पाहावे तर 'थिंकपॅड-एसीपीआय', 'असुस-डब्ल्यूएमआय' असे भाग आहेत. अक्षरे रुक्ष खरी, पण कोणत्या यंत्राचे ते नावातच आहे, आणि आतला मजकूर कोणासही वाचता येतो.

लॅपटॉपबरोबर पुष्कळ कचरा येतो हे मला मान्य आहे. महिनाभराची विषाणूरोधके, खेळ, दुकानांच्या जाहिराती हे सर्व खुशाल काढावे. माझी तक्रार वेगळी आहे. कचरा आणि चाकर एकाच यादीत, एकाच वेषात उभे केलेले असतात, आणि जो साफ करावयास बसतो त्याने सर्वांनाच कचरा समजावे अशीच ती मांडणी असते. कंपनीने यंत्राबरोबरच्या पत्रकात अमुक कळ अमुक प्रोग्रामवर चालते एवढ्या दहा ओळी छापल्या, तर तिचे काय बिघडेल? पेटी करणारा कारागीर विचारल्यास हे सांगतो.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. पुष्कळ घरांतील यंत्रे त्या निमित्ताने पुसून नव्याने भरली गेली, अजूनही जात आहेत. कोऱ्या विंडोजमध्ये कंपनीचे चाकर आपोआप परत येतीलच असा भरवसा नसतो. मग म्हाताऱ्या माणसांस वाटते की आपल्याच हातून काही बिघडले. दुकानदारही लबाड असतो असे मी म्हणणार नाही. त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

पुढच्या फेरीत मी पर्वत पाटियास गेलो तेव्हा आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. यंत्राच्या पाठीवरील मॉडेलचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घातला आणि त्या मॉडेलसाठी दिलेले पाच प्रोग्राम उतरवून घेतले. पाचही एकदम घातले नाहीत. एक घालावयाचा, यंत्र बंद करून चालू करावयाचे, चारही कळा दाबावयाच्या, आणि लिहावयाचे. पहिल्याने काही झाले नाही. दुसऱ्याने तीन कळा बोलू लागल्या. चौथ्याने टचपॅडची कळ बोलली. उरलेले आम्ही काढून टाकले. ज्यांचे यंत्र अजून साफ व्हावयाचे आहे त्यांनी ह्याच्या उलट करावे. विंडोजमध्ये 'सर्व्हिसेस' म्हणून एक यादी असते. तीत कंपनीच्या नावाची एखादी सेवा नुसती थांबवावी, कळा दाबून पाहाव्यात, आणि पुन्हा सुरू करावी. थांबविलेली सेवा एका टिचकीने परत येते. काढून टाकलेला प्रोग्राम शोधावयास संध्याकाळ जाते, हे मी अनुभवाने सांगतो.

या सर्वांत दोन तास गेले आणि भूपाची उजळणी राहिली, याबद्दल मुलीच्या आईने नाराजी दाखविली. ती योग्यच होती. कागद मुलीने लॅपटॉपच्या झाकणावर आतून चिकटविला. बाहेर पडताना वडील मला त्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने कागदाचा फोटो पाहिला, मॉडेल विचारले, आणि फोटो आपल्या फोनवर मागून घेतला. त्याच मॉडेलची आणखी दोन यंत्रे त्याच्या फळीवर कळफलकाची वाट पाहत पडली होती.