आभाराची उतरंड

दुसऱ्याचा खड्डा बघून आपल्या ओट्यावर समाधानानं बसायचं, ही या देशाची जुनी खोड. गटारात उतरलेला माणूस दिसला की नाकाला रुमाल आणि तोंडी शब्द, देवाची कृपा, आपल्यावर ही पाळी नाय. आम्ही विचारतो, कृपा तुमच्यावर, तर मग त्याच्यावर घाव कुणाचा? १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला झाला, तरी माणसं गटारात मरतात. त्यांना देवानं उतरवलेलं नाही. ठेकेदारानं उतरवलंय, आणि ठेकेदाराला माणूस जातीनं पुरवलाय.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्यानं, नाशिकवरनं, माणसांची रांग उत्तरेकडं चालत होती. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता दिवे मालवून देशानं ९ मिनिटं पणत्या लावल्या. ८ मेच्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपेतच मालगाडीखाली गेले. भाकऱ्या रुळावर पडून राहिल्या. घरोघर लोक म्हणाले, आपलं बरंय, डोक्यावर छप्पर आहे. छप्पर बांधणारा रस्त्यावर का, हे किती जणांनी विचारलं?

एकलहऱ्यात ही उतरंड उघड्या डोळ्यांनी दिसते. वीज केंद्राचे १४० मेगावॅटचे जुने दोन संच बंद पडले, २१० चे तीन उरले. कायम कामगार कंत्राटी कामगाराकडं बघून म्हणतो, सुटलो. कंत्राटी रोजंदारीवाल्याकडं बघतो, रोजंदारीवाला नाक्यावर रिकाम्या हातानं उभ्या असलेल्याकडं. सगळेच सुटलेले! राख मात्र हजेरीपट बघून पडत नाय.

बाबासाहेबांनी याला नाव दिलंय, श्रेणीबद्ध विषमता. प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी ठेवलाय, म्हणून वरच्याची मानगूट धरायला कुणी एकत्र येत नाही. 'आपलं बरंय' हे त्या व्यवस्थेचं वंगण आहे.

आमच्यातले शिकलेलेही आता वस्तीत पाहुण्यासारखे येतात आणि सुटल्याचा सुस्कारा टाकतात. दोस्तहो, तुमची खुर्ची नशिबानं आलेली नाही. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात जी माणसं उभी राहिली, दादासाहेब गायकवाडांबरोबर ज्यांनी दगड खाल्ले, त्यांच्या पाठीवरनं ती आलीय. आभार मानायचेच तर त्यांचे माना. आणि ते हात जोडून नाही, देणं फेडून.

गोदीत दोघांनी पोतं उचललं आणि एकजण माझी बाजू हलकी म्हणून खूश झाला, तर समजावं, भार दुसऱ्याच्या मणक्यावर गेलाय.

म्हणून सांगतो, कायम कामगारानं कंत्राटी भावाच्या हजेरीसाठी, समान पगारासाठी गेटवर उभं राहायला पाहिजे. शिकलेल्यानं वस्तीतल्या पोराचा अर्ज लिहायला बसायला पाहिजे. दया नको, आभार नको. पोत्याला हात लावा.

जय भीम!