‘तणाव’ कोणाचा, घर कोणाचे?

समाजशास्त्रात ‘चौकट’ ही एक साधी संकल्पना आहे. आयर्विंग गॉफमन यांनी १९७४ साली तिच्यावर ग्रंथच लिहिला. घटना घडते एक. तिचा अर्थ मात्र ती ज्या चौकटीत बसविली जाते तिच्यावरून ठरतो. परभणीच्या कार्यकर्त्याने हे ग्रंथात वाचलेले नसेल, पण अनुभवलेले खचितच आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि परभणीसह मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली ती भूमिहीन मजुरांची; चर्चा मात्र रंगली ‘मराठवाड्याच्या अस्मिते’ची! या एका शब्दाने सावकाराविरुद्ध मजुराच्या शेजारी उभा राहावयाचा कोरडवाहू शेतकरी बड्या जमीनदाराच्या पंगतीस नेऊन बसविला. नामविस्तारास १४ जानेवारी १९९४ उजाडला.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या ‘बंदला हिंसक वळण लागले.’ जाळपोळीचे समर्थन कोणीच करू नये. परंतु त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला, तेही ‘वळण’च काय? गुन्हा नोंदवा, हे सांगण्यास जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला.

‘गावात सलोखा होता, बाहेरच्यांनी तो बिघडविला,’ ही आणखी एक लाडकी चौकट. परस्परावलंबनातून सामाजिक ऐक्य निर्माण होते, असे एमिल दुर्खाइम यांनी १८९३ साली मांडले, हे खरे. पण लादलेल्या श्रमविभागणीतून ऐक्य उपजत नाही, हेही त्यांनीच बजावले. गावगाड्यातील सलोखा हा बहुधा दुबळ्याच्या मौनाचाच सलोखा होता.

आणि आपण? वर्गलढ्याची भाषा बोलणारे आपल्यातीलही कित्येकजण अशा प्रसंगी ‘हा जातीचा प्रश्न’ म्हणून बाजूला सरतात. ही चौकट वृत्तपत्रांनी नव्हे, आपणच घडविली आहे.

म्हणून अभ्यासवर्गात बातमी मोठ्याने वाचा आणि तीन प्रश्न विचारा : कर्ता कोण? सोसणारा कोण? कोणाचे नाव गाळले? मग शेतकऱ्याला सोबत घेऊन त्या वस्तीत जा. ऐक्य ठरावाने होत नाही. दुसऱ्याच्या जळालेल्या घरासमोर उभे राहिल्यानेच ते होते.