ग्रंथांतील विषारी शब्द आणि शिक्षकाचें कर्तव्य

अमेरिकेंत राहणाऱ्या माझ्या पुतण्याची कन्या सुटींत घरीं आली होती. बोलतां बोलतां ती म्हणाली, “आजोबा, आमच्या वर्गांत मार्क ट्वेनचें ‘हकल्बेरी फिन’ मोठ्यानें वाचीत होते. माझी कृष्णवर्णीय मैत्रीण मान खालीं घालून बसली आणि सारा वर्ग तिच्याकडे पाहूं लागला. असलें पुस्तक शिकवावेंच कशाला?” हा प्रश्न सुज्ञ वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

हें पुस्तक इंग्लंडांत १८८४ च्या अखेरीस व अमेरिकेंत १८८५ सालीं प्रसिद्ध झालें. कथा गुलामगिरीच्या काळांतील आहे. हक नांवाचा गोरा मुलगा आणि पळून आलेला गुलाम जिम तराफ्यावरून मिसिसिपी नदीनें प्रवास करितात. जिमला धरून न देणें हें पाप, असें हकच्या मनावर बिंबविलेलें असतें. तरी नरक पत्करूनही मित्राचा घात करावयाचा नाहीं, असें तो अखेर ठरवितो. ज्या ग्रंथाचें हृदय असें, त्यांतच कृष्णवर्णीयांना हिणविणारा एक शब्द दोनशेंहून अधिक वेळां येतो.

यावर तेथें निरनिराळे उपाय झाले. २०११ सालीं अलाबामांतील एका प्रकाशकानें त्या शब्दाच्या जागीं ‘गुलाम’ हा शब्द घातला. २०१८ सालीं मिनेसोटांतील डुलुथ येथील शाळांनीं हें पुस्तक सक्तीच्या वाचनांतून काढलें. ग्रंथालयांत मात्र ठेविलें.

शब्द बदलणें मला पटत नाहीं. गुलामगिरी १८६५ सालीं घटनादुरुस्तीनें संपली. तो शब्द मात्र संपला नाहीं. याच पुस्तकांत हकचा मद्यपी बाप ओहायोहून आलेल्या एका स्वतंत्र, विद्वान कृष्णवर्णीय प्राध्यापकालाही त्याच शब्दानें हिणवितो. त्या प्राध्यापकाला गुलाम कसें म्हणावें? शब्द बदलला कीं लेखकानें उघडा केलेला तिरस्कारच झांकला जातो.

परंतु शब्द पानावर राखणें निराळें आणि वर्गांत मोठ्यानें उच्चारणें निराळें. येथें मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं म्हणी शिकवितांना एका जातीला हिणविणारी म्हण मीं फळ्यावर लिहिली आणि अर्थ सांगण्यास उभा केला तो नेमका त्याच जातीचा मुलगा. त्यानें अर्थ बिनचूक सांगितला. मीं त्याला शाबासकी दिली. दुसरे दिवशीं त्याची जागा रिकामी होती. दोष म्हणीच्या माथीं मारणें सोपें होतें. परंतु दोष माझा होता.

म्हणून मला वाटतें, असा ग्रंथ शिकवावा, पण मुलें जाणतीं झाल्यावर. आरंभीं त्या शब्दाचा इतिहास सांगावा. तो शब्द मोठ्यानें वाचूं नये व वाचवूं नये. ज्यांचे पूर्वज त्या शब्दानें हिणविले गेले त्या मुलांना आपल्या समाजाचे वकील म्हणून उभें करूं नये. शिवाय गुलामगिरींतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचें १८४५ सालचें आत्मचरित्र जोडीला ठेवावें, म्हणजे ज्यांनीं तें दुःख भोगलें त्यांचा आवाजही मुलांच्या कानीं पडेल.

नातीला मीं इतकेंच सांगितलें, “बाळ, परत गेलीस कीं मैत्रिणीजवळ बस आणि तिला काय वाटलें तें विचार. मीं त्या मुलाला तें कधींच विचारलें नाहीं.”