गचांडी धरली की पुढे काय?

दोस्तहो, परवा कर्जत स्टेशनच्या बाकड्यावर आपल्या दोन पोरांत जुंपली. एक शाळेपासून ज्युडो खेळलेला. दुसरा खोपोलीहून पनवेलला जाऊन ब्राझिलियन जिउजित्सू शिकणारा. खऱ्या मारामारीत कामाला काय येतं, हा सवाल. मी गोदीत दिवसभर गोण्या वाहून आलेलो, पाठीचा भुगा झालेला. मला म्हणाले, तू कवी, तू निकाल दे. च्यायला, कवीला यातलं काय कळतं असं धरून विचारलं असेल तर फसले. मॅट्रिक होईपर्यंत चार वर्षं मी ज्युडोच्या गादीवर आपटून घेतलंय.

आधी वंशावळ सांगून टाकतो, घराणं कळल्याशिवाय आपल्या देशात कुणी पाणीसुद्धा देत नाही. जपानच्या जिगोरो कानो या मास्तराने 1882 साली जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव रोजच्या सरावातून बाजूला काढले आणि ज्युडो बांधला. त्याच्या शाळेतला मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबात गेली आणि त्यांनी जमिनीवरची झुंज वाढवत नेली. म्हणजे दोन्ही एकाच घरची पोरं. 1951 साली रिओत ज्युडोवाल्या किमुराने एलियो ग्रेसीचा हात असा पिरगाळला की तो डाव आज किमुराच्याच नावाने चालतो. आणि 1993 साली अमेरिकेत डेन्व्हरला एलियोचाच पोरगा रॉयस ग्रेसी आठकोनी पिंजऱ्यात आपल्याहून जाड गडी एकामागून एक लोळवून गेला. तेव्हापासून पोरं जिउजित्सूवर फिदा.

पण पिंजऱ्याला दार असतं आणि दाराला कडी. आत दोघंच. आपल्यावर हात टाकणारा कधी एकटा आलाय?

लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यातलं महाड घ्या, तेव्हाचा कुलाबा. 20 मार्च 1927. चवदार तळ्याचं पाणी पिऊन माणसं परतली होती. काही मांडवात जेवत होती, काही दोघं-चौघं मिळून गावच्या वाटेला लागलेली. देवळात शिरणार अशी आवई उठवली आणि लाठ्या घेऊन झुंड आली. कुणाला गाठलं? जेवणाऱ्याला. वाटेवर फुटून गेलेल्याला. आपल्यात पलटणीतून आलेले गडी कमी नव्हते, हात शिवशिवत होते, बाबासाहेबांनी आवरलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. खैरलांजीला 2006 साली काय झालं? तीही झुंडच.

आता जिउजित्सूवाल्या मित्राचा लाडका डाव बघा. पाठीवर पडायचं, वरच्याला पायांच्या कैचीत धरायचं, हात नाहीतर मान आवळायची. गार्ड म्हणतात त्याला. मस्त डाव आहे, वरचा तडफडतो. पण बाजूला त्याचा चुलतभाऊ दगड घेऊन उभा आहे, त्याचं काय? खालापूरच्या रस्त्यावर खडी असते मित्रा, गादी नसते. ज्युडोत निदान आपण उभे राहतो. एकाला आपटलं, वाट मोकळी झाली, पळालो. पळण्यात कसली लाज?

दुसरी गोष्ट गचांडीची. गावातली मारामारी बॉक्सिंगसारखी सुरू होत नाही. आधी शिवी, मग कॉलर. ज्युडोचा सगळा संसार याच कॉलर-बाहीवर. समोरच्याने गचांडी धरली की त्याचा हात त्याच्या कामाचा राहत नाही, तोल तुमच्याकडे येतो. म्हणून मी ज्युडोच्या बाजूचा. खोट मात्र लपवत नाही. उकाड्यात समोरचा बनियनवर आला तर पकडायचं काय? शिवाय खेळाच्या नियमांनी ज्युडो लंगडा केलाय. 2013 पासून उभ्या झुंजीत पायाला हात घालायचीच बंदी. हे नियम रस्त्यावर आणलेत तर मार खाल.

ज्युडोने मला दिलेली खरी कमाई म्हणजे पडणं. उकेमी. हनुवटी छातीला, हात सपाट आपटायचा, डोकं वर. गेल्या पावसाळ्यात ट्रकच्या फाळक्यावरून घसरलो तेव्हा हात आपोआप आपटला आणि टाळकं शाबूत राहिलं. मारामारी आयुष्यात चारदा होईल. पडणं रोजचं आहे.

एका जागी मात्र मी हरलो, ते कबूल करतो. बाकड्यावर आमच्यासोबत एक बहीण होती, खोपोलीकडच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाते. ती म्हणाली, दादा, तुम्ही सगळे उभं राहून बोलताय. बाईला आधीच खाली पाडलेलं असतं. आम्ही गप्प. वर बसलेल्याला कंबर उचलून कलता करणं, कुशीवर सरकून गुडघा आत घालणं, हे जिउजित्सूत पहिल्या दिवसापासून घोटून घेतात. ज्युडोतही जमिनीवरचे डाव आहेत, पण स्पर्धेत तिथे जरा वेळ गेला की पंच उठवून उभं करतो. अंधाऱ्या रस्त्यावर पंच कुठून आणणार? बायकांनी आधी जिउजित्सू शिकावं, असं मी आता म्हणतो.

आणि कायदा. नव्या न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाची आहेत, 1 जुलै 2024 पासून लागू. हक्क आहे, पण गरजेपुरता. डांबरावर कुणाला पाठीमागे आपटलंत आणि डोकं फुटलं तर गरज किती होती हे तुम्ही कोर्टात सांगत बसाल. ॲट्रॉसिटीची तक्रार द्यायला गेलेल्यावर उलट दरोड्याची केस ठोकतात, हेही आपल्याला नवं नाही. म्हणून दारू प्यालेल्या ओळखीच्या माणसाला आपटू नका, जिउजित्सूसारखं दाबून धरा. कोणाला आपटायचं आणि कोणाला धरायचं, हे पण शिकायचंच आहे.

महाडच्याच साली समता सैनिक दल उभं राहिलं. त्यात कवायत होती, लाठी होती, आणि मुख्य म्हणजे रांग होती. फुटून चालणारा मारला जातो, हे त्या लोकांनी पाठीवर सोसून ओळखलं होतं. आपण मात्र एकेकटे मोबाईलवर डाव बघतो.

तेव्हा येत्या रविवारपासून सकाळी 7 वाजता विहारामागच्या मोकळ्या जागेत जमायचं ठरलंय. गादी नाही, पोत्यात भाताचा पेंढा भरून अंथरणार. ज्युडोवाला पडायला शिकवेल, पनवेलवाला खालून सुटायला. नंतर तिघं एकावर, एकाच्या हातात काठी, आणि त्याने फक्त निसटून दाखवायचं. बहिणींची तालीम ती कंपनीवाली बहीण ठरवेल तशी. येताना जुना जाड शर्ट घालून या, कॉलर शाबूत असलेला.