दोरीच्या अलीकडे

चार्ली चॅप्लिनचा ‘द इमिग्रंट’ हा दोन रिळांचा मूकपट १७ जून १९१७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातील एक दृश्य विसरता येत नाही. स्थलांतरितांनी भरलेली आगबोट न्यूयॉर्कच्या बंदरात शिरते. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसताच माणसे भारावून पाहत राहतात, आणि लगेच अधिकारी येऊन त्यांना दोरी लावून गुरांसारखे मागे रेटतात. चार्ली संधी साधून अधिकाऱ्याला लाथ हाणतो. प्रेक्षक हसतो, पण तो हसतो त्या अधिकाऱ्याला. दोरीआड उभ्या असलेल्यांना नव्हे.

ही दोरी काल्पनिक नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून स्थलांतराचा नवा कायदा संमत केला होता. सोळा वर्षांवरील ज्यांना वाचता येत नाही त्यांना मज्जाव झाला आणि हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातील श्रमिकांना दारे बंद झाली.

चित्रपटाचा उत्तरार्ध खाणावळीत घडतो. दहा सेंट कमी पडले म्हणून वेटर एका गिऱ्हाइकाला बदडून काढतात. चार्लीला सापडलेले नाणे तर खिशाच्या भोकातून केव्हाच गळून गेलेले असते! हा भाग म्हणजे निव्वळ धमाल, असे कोणी म्हणेल. परंतु चित्रीकरण आधी झाले ते खाणावळीचेच. ही माणसे येथवर आली कशी, या प्रश्नातून आगबोटीचा प्रसंग मागाहून जुळला, हे ‘अननोन चॅप्लिन’ या १९८३ च्या माहितीपटाने दाखवून दिले. लहानपणी लंडनच्या अनाथ-दरिद्री आश्रमात राहिलेला हा कलावंत भुकेपासून निघाला आणि तिचा माग काढीत राजसत्तेच्या दाराशी पोचला. विचारांची ही दिशा पुष्कळ पंडितांनाही साधत नाही.

सत्तेला विनोद कळत नाही, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सप्टेंबर १९५२ मध्ये चॅप्लिन बोटीने इंग्लंडला निघाले असताना अमेरिकन सरकारने त्यांचा पुनःप्रवेशाचा परवाना रद्द केला. त्यांच्या डाव्या विचारांविषयीचा संशय त्यामागे होताच. १९७२ मध्ये त्याच देशाने त्यांना सन्माननीय ऑस्कर दिले आणि १९९८ मध्ये हा मूकपट राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन केला. माणूस निरुपद्रवी झाल्यावर त्याचा गौरव करणे सोपे असते.

दुबळ्यांची टिंगल करून हशा मिळवणारे कलावंत सर्वकाळी मुबलक असतात. म्हणून विनोदाला एकच प्रश्न विचारावा : तो दोरीच्या कोणत्या बाजूला उभा आहे?